गोंड पण आणि ख्रिस्ती पण, असं राहता येते का? आदिवासी थिऑलॉजी म्हणजे नेमकं काय?

गिट्टीखदानचा पोट्टा

जय सेवा आणि जय ख्रिस्त. दोन्ही लिहून राहिलो कारण आमच्या घरी खरंच दोन्ही चालते. आम्ही मूळचे छिंदवाड्याकडचे गोंड. आजोबांच्या काळात आमचं घर ख्रिस्ती झालं, बाबा नोकरीसाठी नागपूरला आले तेव्हापासून इकडंच. आजोबांच्या भावाचं घर मात्र गावातच आहे आणि ते लोक अजून पेनठाण्यावर म्हणजे आमच्या देवाच्या, पेनाच्या जागेवर जातात, भुमका म्हणजे आमचा पुजारी बोलावतात, सगळं जसंच्या तसं.

आजी गेली उन्हाळ्यात. माती आमच्या मंडळीच्या पद्धतीनं झाली, पाळकसाहेब आले, गीतं झाली, काही कमी पडलं नाही. मग गावच्या काकांचा फोन आला की बाईले पेनात मिळवाचं बाकी आहे, तुम्ही लोक आले नाही तर ती बाहेरच राहीन, आमच्या माणसाची सून होती, तिची जागा तिकडं आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्यात मेलेलं माणूस कुठं दूर स्वर्गात जात नाही, विधी करून त्याला कुळाच्या पेनात सामील करतात, मग ते घराकडं लक्ष ठेवते. पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले हे मृतात्म्यांशी संबंध ठेवणं आहे, तिथं पाय ठेवायचा नाही, आजी प्रभूजवळ आहे विषय संपला. बाबा तेव्हापासून गप्पच आहेत, ना हो ना नाही.

दुसरीकडं चर्चच्या तरुणांच्या शिबिरात एक पाहुणे आले होते, ते बोलले की आता "आदिवासी थिऑलॉजी" म्हणून एक अख्खा विषय आहे, आदिवासींच्या नजरेतून बायबल वाचतात वगैरे. मग शेवटी काय झालं तर दोन पोरांनी ढोल वाजवला, पोरींनी साड्या गुडघ्यापर्यंत नेसून नाच केला आणि फोटो काढले. मला हे पाहून थोडं कसंतरीच झालं खरं सांगतो. म्हणून विचारून राहिलो, हे खरंच काही आहे का का नुसतं डेकोरेशन आहे, आणि असल तर आमच्या आजीच्या प्रश्नाचं उत्तर त्यात कुठं सापडते का. धर्म बदला, परत या, असले सल्ले देणाऱ्यांनी कृपया स्क्रोल करून पुढं जावं.

सेमिनरीतून पळालेला

भाऊ, प्रश्न चांगला विचारला. मी सेरामपूरची बी.डी., म्हणजे पाळक होण्यासाठीची पदवी, पूर्ण केली आणि आता बँकेत कर्जाच्या फायली बघतो, त्यामुळे मला कोणत्याच मंडळीची भीती नाही, जे माहीत आहे ते सांगतो.

ढोलाचं तू बोलला ते शंभर टक्के बरोबर. त्याच पोह्यावर वरून तर्री टाकली की लोकांना वाटते नवीन पदार्थ झाला. आदिवासी थिऑलॉजी हे प्रकरण त्याच्या बरंच खोल आहे आणि त्यातले खरे लोक वाद्यांपासून सुरुवात करत नाहीत, जमिनीपासून करतात. अमेरिकेत व्हाइन डेलोरिया ज्युनिअर म्हणून सू जमातीचा विचारवंत होता, स्वतः सेमिनरीत शिकलेला, त्यानं १९७३ साली मांडलं की ख्रिस्ती धर्म सगळा काळात विचार करतो, म्हणजे सृष्टीची सुरुवात, पाप, येशू, मग शेवटचा न्याय, अशी एक सरळ रेघ. आणि आदिवासी माणूस जागेत विचार करतो, म्हणजे हा डोंगर, ही नदी, या ठिकाणी असं घडलं म्हणून हे ठिकाण पवित्र. जागा गेली की धर्मच जातो. डेलोरिया स्वतः पुढं चर्चपासून लांबच झाला पण त्याचा हा मुद्दा चर्चमध्ये राहिलेल्यांनी पण उचलला. आपल्याकडं नागालँडचे वाती लोंगचर यांनी तेच वेगळ्या बाजूनं धरलं, की बायबलचं पहिलं पान सृष्टीचं आहे, माणूस मातीतून घडला असं तिथंच लिहिलं आहे, मग सृष्टी आणि भूमी सोडून नुसत्या आत्म्याच्या तारणावर सगळा जोर का. आणि झारखंडचे निर्मल मिंझ होते, उरांव, लुथरन बिशप, १९७१ साली रांचीत गॉस्नर कॉलेज काढलं आणि तिथं आदिवासी भाषा शिकवायला लावल्या, कुरुख भाषेसाठी साहित्य अकादमीचा भाषा सन्मान मिळाला त्यांना. बिशप असून आयुष्यभर सांगत राहिले की आदिवासीपण हे बाप्तिस्म्याच्या पाण्यात धुवून टाकायची घाण नाही.

आता आजीचा मुद्दा. तुला बहुतेक कोणी सांगितलं नसल की पूर्वजांवरून ख्रिस्ती जगात फार मोठी भांडणं झालेली आहेत आणि चर्चनं आपलं मत बदललेलं पण आहे. चीनमध्ये जेझुइट म्हणजे कॅथलिक पाद्रींच्या एका संघाच्या लोकांनी ख्रिस्ती झालेल्यांना पूर्वजांना मान द्यायचे विधी करू दिले होते, दुसऱ्या संघाच्या पाद्रींनी रोमकडं तक्रार केली, शेवटी १७४२ साली पोपनं कडक बंदी घातली आणि मग १९३९ साली दुसऱ्या पोपनं ती उठवली. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षं जे पाप होतं ते एका दिवशी सन्मान ठरला. मधल्या काळात ज्या लोकांनी आई-बापाच्या नावाची पाटी फोडली त्यांचं काय, हे कोणी विचारत नाही. कॅथलिकांकडं तसंही २ नोव्हेंबरला सर्व मृतांचा दिवस असतो, कबरींवर फुलं मेणबत्त्या, मृतांसाठी प्रार्थना. आपली प्रोटेस्टंट परंपरा यात जास्त कोरडी आहे, मेला की देवाच्या हाती, आपला संबंध संपला. हे कोरडेपण युरोपातल्या सोळाव्या शतकातल्या भांडणातून आलं आहे, छिंदवाड्यातून नाही. तुझे पाळकसाहेब जे बोलले ते त्या भांडणातलं बोलले.

आणि एक गोष्ट खास नागपूरची. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावानं आहे ते स्टीफन हिस्लॉप १८४५ ला इथं आले, स्कॉटिश मिशनरी. त्यांनी प्रधान म्हणजे गोंडांची गाणी सांगणाऱ्या लोकांकडून लिंगोचं, म्हणजे गोंडांच्या मूळ गुरूचं गाणं ऐकून उतरवून घेतलं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ ला रिचर्ड टेंपलनं छापलं. ते गाणं कधी वाच. त्यात लिंगोला त्याचेच भाऊ खोट्या आळावरून मारून टाकतात, मग कावळा पाठवला जातो, अमृत शिंपडतात, लिंगो जिवंत होतो आणि गुहेत कोंडलेल्या गोंडांना सोडवायला निघतो. आपल्याच माणसांनी मारलेला, परत उठलेला, कोंडलेल्यांना मोकळं करणारा. आता तूच सांग हे वाचून ख्रिस्ती माणसाला काय आठवल. अमेरिकेत चॉक्टॉ जमातीचे बिशप स्टीव्हन चार्ल्स्टन यांनी म्हटलं आहे की जसा इस्राएल लोकांचा जुना करार तसा प्रत्येक आदिवासी समाजाचा आपला जुना करार असतो, देव त्यांच्याशी आधीपासून बोलत होता. त्या हिशोबानं लिंगोचं गाणं हा तुझा जुना करार. मला तरी हे पटते.

कोयतूर ७५०

जय सेवा. गिट्टीखदानवाल्या भाऊ, तू सगा आहेस, घरचा आहेस, तुझ्याशी भांडण नाही. माझं भांडण वरच्या बँकवाल्या भाऊशी आहे.

काय गा, लिंगोचं गाणं आमचा जुना करार? म्हणजे नवा करार तुमच्याकडं आहे आणि आम्ही प्रस्तावना? पहांदी पारी कुपार लिंगोनं कोयतूर म्हणजे गोंड समाजाला सगा म्हणजे कुळांची व्यवस्था दिली, कोणाचं लग्न कोणत्या देवाच्या घरात होईल ते बांधून दिलं, चार देवे पाच देवे सहा देवे सात देवे, कोणतं झाड कोणतं जनावर कोणत्या कुळानं राखायचं ते ठरवून दिलं. एवढी पूर्ण व्यवस्था. हे सगळं करून झाल्यावर तो दुसऱ्या कोणाची वाट पाहून राहिला होता असं त्या गाण्यात कुठंच नाही. त्या गाण्याच्या शेवटाकडं पूर येतो, मगर दगा देते आणि कासव लोकांना पलीकडं नेते, तर लिंगो जाताना काय सांगून जातो, कासवाला दिलेला शब्द मोडू नका. कासवाला. माझ्यासाठी ते अमृत शिंपडल्यापेक्षा मोठं आहे, पण तुम्ही लोक ते वाचून पुढं जाता कारण ते येशूसारखं दिसत नाही.

आणि हिस्लॉपबद्दल माझ्या मनात राग नाही, उलट आभार, नाहीतर ते गाणं त्या रूपात कागदावर आलंच नसतं. बिचारा १८६३ मध्ये टाकळघाटचे जुने शिळावर्तुळाचे दगड पाहून परत येताना नदीच्या पुरात वाहून गेला. पण त्याच्या वहीतून निघून ते गाणं छापेपर्यंत त्याच्यावर किती हात फिरले असतील याचा विचार करा. त्यात महादेव, पार्वती, भगवान सगळे येऊन बसले आहेत. कोणाच्या कानानं ऐकलं, कोणाच्या भाषेत गेलं. नागपुरातच मोतीरावण कंगाली होऊन गेले, रिझर्व्ह बँकेत नोकरी करून आयुष्यभर गोंडी भाषा आणि कोया पुनेम म्हणजे गोंड धर्मावर लिहीत राहिले, २०१५ ला गेले. त्यांचं सगळंच पटलं पाहिजे असं नाही, मलाही काही गोष्टी ओढूनताणून वाटतात, पण आपल्या धर्माचं आपण सांगायचं ही हिंमत त्यांनी दिली. तुम्ही आदिवासी थिऑलॉजी म्हणता तेव्हा त्यात आदिवासी हे विशेषण राहते आणि थिऑलॉजी मालक राहते. रॉबर्ट अॅलन वॉरियर म्हणून ओसेज जमातीचा माणूस आहे अमेरिकेत, त्यानं १९८९ मध्ये लिहिलं, सगळे गरीब लोक बायबलमधली निर्गमची गोष्ट वाचून खूश होतात की देवानं गुलामांना सोडवलं, पण सोडवून नेलं कुठं? कनानात. तिथं लोक राहत नव्हते का? आम्ही ती गोष्ट वाचतो तर आम्ही कनानी असतो. ज्यांची जमीन दुसऱ्यांना देवानं वचन म्हणून देऊन टाकली. याचं उत्तर द्या आधी, मग जुना करार नवा करार बोलू.

पोपनं २०२२ मध्ये कॅनडात जाऊन माफी मागितली तिथल्या आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांसाठी, २०२३ च्या मार्चमध्ये व्हॅटिकननं सांगितलं की पंधराव्या शतकातल्या त्या फतव्यांवर उभा असलेला "शोधाचा सिद्धांत", म्हणजे ख्रिस्ती राजांनी शोधलेली जमीन त्यांचीच, हा आम्ही नाकारतो. चांगलं केलं. पाचशे वर्षं लागली.

नगरकर ताई

मी या वादात बोलावं की नाही असा विचार करत होते पण बोलतेच. आमचं घराणं नगरकडचं, चौथी पिढी ख्रिस्ती, लग्न होऊन मी नागपूरला आले, आता इथलीच. आमच्याकडे देशी ख्रिस्ती धर्म म्हटलं की कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक. तेही नागपूरला राहून गेलेले बरं का, आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाला होते, आणि नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या गृहस्थानं त्यांना नवा करार दिला, १८९५ ला बाप्तिस्मा घेतला. त्यांनी ख्रिस्ताला अभंगात बसवलं, तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. शेवटी मिशनचा पगार सोडला आणि १९१७ मध्ये देवाचा दरबार काढला, बाप्तिस्मा झालेले न झालेले सगळे तिथे चालतील असा. आजही आमच्या उपासनेत टाळ-पेटी घेऊन ती भजनं म्हटली की अंगावर काटा येतो.

पण गिट्टीखदानच्या लेकरा, तुझी पोस्ट वाचून मला एक जाणवलं की आम्ही जे देशीकरण केलं ते वारकऱ्यांच्या घरातलं होतं, ब्राह्मण पंडितांच्या घरातलं होतं. पुढे कॅथलिकांनी १९६९ ला रोमकडून बारा गोष्टींची परवानगी आणली, मिस्सात म्हणजे त्यांच्या उपासनेत आरती, फुलं, मांडी घालून बसणं, तेही देवळातलंच. तुझ्या आजीला ना अभंग आपले ना आरती. पूर्वी परदेशी वाटायचं, आता देशी करून दिलं तरी तिला परकंच. मग त्याला देशी कुणाच्या हिशोबानं म्हणायचं. हे आमच्या मंडळीत बोलले तर लोक म्हणतील ताईंना काय झालं.

बाकी तुझ्या पाळकांवर रागावू नकोस. त्यांना सेमिनरीत जे शिकवलं ते ते सांगतात, आणि त्यांच्या मागे बिशप आहे, कमिटी आहे, वर्गणी देणारे आहेत. पाळकाला मोकळं बोलता येत नाही हे मी घरातच पाहिलंय, माझे सासरे पाळक होते.

इंदोरा बुद्धविहार गल्ली

जय भीम. बाहेरून एक शब्द. पोस्टवाल्यानं सांगितलं धर्म बदला म्हणू नका म्हणून म्हणत नाही, पण इतिहास सांगतो कारण तो याच शहरातला आहे. १९५४ साली नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना सरकारनं मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली, अध्यक्ष होते नागपूर हायकोर्टाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. १९५६ ला अहवाल आला, मिशनऱ्यांवर कडक टीका. आजही आदिवासी धर्मांतराची चर्चा निघाली की तोच अहवाल फडकवतात. पण फडकवणारे एक गोष्ट सांगत नाहीत, त्याच १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये याच नागपुरात बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा हेच नियोगी बौद्ध झाले. म्हणजे ज्या माणसानं धर्मांतरावर अहवाल लिहिला त्यानं स्वतः धर्मांतर केलं. माणूस आपल्या विचारानं धर्म बदलू शकतो एवढं तरी त्यांनी मान्य केलं होतं म्हणायचं.

दलित ख्रिस्ती लोकांनी पण असंच केलेलं आहे, थिऑलॉजीचं म्हणतो. अरविंद निर्मल यांनी १९८१ ला बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात मांडणी सुरू केली. बायबलच्या अनुवाद (ड्युटेरॉनॉमी) नावाच्या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायात इस्राएली माणूस पहिलं पीक घेऊन येतो आणि म्हणतो माझा बाप भटका अरामी होता. निर्मल म्हणाले, माझ्या बापाला तर भटकायचं पण स्वातंत्र्य नव्हतं, तो गावाला बांधलेला होता, त्याच्या अंगावर शिवाशिव होती. तिथून त्यांनी सुरुवात केली, वेदांतापासून नाही. मी ख्रिस्ती नाही पण हे वाचलं तेव्हा म्हटलं हा माणूस आपला आहे.

कायद्याचा एक फरक लक्षात ठेवा. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस ख्रिस्ती झाला की त्याचं आरक्षण जाते, शिखांना १९५६ ला आणि बौद्धांना १९९० ला सामील केलं पण ख्रिस्ती मुसलमान बाहेरच. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. म्हणून आता "डीलिस्टिंग"ची मागणी करून राहिले, ख्रिस्ती झालेल्या आदिवासीला यादीतून काढा म्हणून. तेव्हा भाऊ तुझा प्रश्न नुसता आजीचा नाही राहिला.

गिट्टीखदानचा पोट्टा

एवढं कोणी लिहिल असं वाटलं नव्हतं. कोयतूर भाऊ, तुमचं कासवाचं वाचून मी ते गाणं शोधून काढलं. ताई, सासऱ्यांचं वाचून आमच्या पाळकांकडं जरा वेगळं पाहून राहिलो.

डीलिस्टिंगचं बाबांना माहीत आहे, त्याच्यामुळंच ते घाबरतात बहुतेक. पेनठाण्यावर गेलो तर मंडळी म्हणल हे ख्रिस्ती नाहीत, नाही गेलो तर गाव म्हणल हे गोंड नाहीत, मग जमातीच्या सर्टिफिकेटच्या वेळी कोण आपल्या बाजूनं बोलल. बस्तरमध्ये जे चालू आहे ते पण आम्ही फोनवर पाहतो, मेलेल्या ख्रिस्ती माणसाला गावात पुरू देत नाहीत, एक केस तर सुप्रीम कोर्टापर्यंत गेली २०२५ मध्ये, मुलगा म्हणत होता माझ्या बापाला आमच्या गावातच माती द्यायची आहे. दोन न्यायाधीशांचं मत दोन तऱ्हेचं झालं आणि शेवटी दुसऱ्या गावच्या ख्रिस्ती कब्रस्तानात न्यायला सांगितलं. प्रेत तोवर शवागारात पडून होतं. आमचे काका तसे नाहीत, ते तर बोलावून राहिले.

बँकवाले भाऊ, वॉरियरच्या कनानी मुद्द्याचं उत्तर आहे का तुमच्याकडं? आणि काका म्हणतात तुला काही करायचं नाही, नुसतं येऊन बस, तांदूळ आण. मोहाची दारू शिंपडतात आणि कोंबड्याचं जेवण होते. त्यात बसायचं का, जेवायचं का, हे सरळ सांगा ना.

सेमिनरीतून पळालेला

कोयतूर भाऊ, तुमचा वार बसला. चार्ल्स्टनचा मुद्दा मला अजूनही आवडतो पण तो कोणाच्या बाजूनं काम करतो हे तुम्ही दाखवलं ते नाकारता येत नाही. वॉरियरला उत्तर म्हणाल तर यहोशवाच्या पुस्तकाचं, ज्यात कनान जिंकून घेतात, समर्थन मी करणार नाही, कोणी करत असल तर त्याला दंतेवाड्यात उभं राहून करायला लावा. माझ्यापुरतं एवढंच की त्याच बायबलमध्ये नाबोथाची पण गोष्ट आहे, पहिल्या राजेंच्या २१ व्या अध्यायात. राजा अहाब म्हणतो तुझा द्राक्षमळा मला दे, पाहिजे तर बदल्यात चांगला मळा देतो, नाहीतर पैसे घे. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन आहे, देणार नाही. ना बदली ना मोबदला. मग खोटे साक्षीदार उभे करून त्याला दगडांनी मारतात आणि राजा ताबा घ्यायला जातो, तिथं एलिया संदेष्टा त्याला गाठतो. खाणीसाठी ग्रामसभेचा ठराव कसा तयार होतो हे ज्यानं पाहिलं आहे त्याला ही गोष्ट समजवावी लागत नाही. झारखंडमध्ये मुंडा लोकांत पूर्वजांचे जे दगड असतात, सासनदिरी, तेच जमिनीचा पुरावा मानतात, की आमचे मेलेले इथं आहेत म्हणजे आम्ही इथले. कॉन्स्टंट लिव्हेन्स म्हणून जेझुइट फादर १८८५ ला तिकडं आला तर त्यानं आधी जमिनीचे कायदे वाचले आणि जमीनदारांविरुद्धच्या खटल्यांत लोकांना मदत केली, लोक त्याच्यामागं आले ते त्यामुळं. होफमन नावाच्या दुसऱ्या फादरचा १९०८ च्या छोटा नागपूर कूळ कायद्यात हात होता. म्हणजे तिकडं ख्रिस्ती होण्यात जमीन पहिल्यापासून होती. आणि तिकडच्याच जर्मन लुथरन मिशनच्या शाळेतून बाहेर पडून बिरसा मुंडा साहेब आणि पाद्री एकाच टोपीचे म्हणाला, ते पण खरं. दोन्ही खरं आहे आणि मला त्याचं काही गोड मिश्रण करून देता येत नाही.

आपल्या बाजूला व्हेरिअर एल्विनचं उदाहरण आहे. इंग्रज पाद्री, पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला होता, १९३२ मध्ये मंडला जिल्ह्यात गोंडांत राहायला गेला. नागपूरच्या बिशपनं त्याला परवाना द्यायला सरकारशी एकनिष्ठतेची शपथ मागितली, यानं दिली नाही. गोंडांचं धर्मांतर पण करत नव्हता. शेवटी चर्चच सोडलं. त्याला चर्च सोडता आलं, त्याच्याकडं ऑक्सफर्ड होतं. तुझ्या बाबांना ना चर्च सोडता येते ना गाव.

आता जेवायचं. पौलानं करिंथकरांच्या पहिल्या पत्रात लिहिलं आहे की बाजारात जे मांस मिळते ते विवेकाखातर काही न विचारता खा, कोणी जेवायला बोलावलं तर पुढं येईल ते खा, पण कोणी सांगितलं की हे नैवेद्याचं आहे तर सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. तुला तर आधीच माहीत आहे, त्यामुळं पौलाच्या अक्षराप्रमाणं गेलं तर जेवण अडते. पण बसणं कुठंच अडत नाही. मी तुझ्या जागी असतो तर गेलो असतो, तांदूळ नेले असते, बाबांना पण नेलं असतं. आणि जेवणाचं काकांना आधीच फोनवर सांगितलं असतं की वेगळं ताट वाढा, ते समजून घेतील, पाळकसाहेबांपेक्षा लवकर समजतील असं वाटते. पाळकांना मात्र परत आल्यावर स्वतः सांग, दुसऱ्याकडून कळू देऊ नको. आणि जमलं तर सिव्हिल लाइन्समध्ये राष्ट्रीय चर्च परिषदेचं ऑफिस आहे ना, एनसीसीआय, तिथं आदिवासी आणि दलित प्रश्नांवर काम करणारे लोक असतात, एकदा जाऊन बस. देशभराच्या चर्चांची परिषद आपल्या शहरात आहे आणि उत्तर भारताचं चर्च १९७० ला इथंच ऑल सेंट्सच्या मैदानात जन्मलं, तरी गोंड माणसाला त्याच्या आजीचा प्रश्न इंटरनेटवर विचारावा लागते ही आपली कमाल आहे.

कोयतूर ७५०

नाबोथ चांगला सापडला, तो आपला माणूस आहे. हे तुमचे लोक रविवारी का सांगत नाहीत?

वेगळ्या ताटाचं काही जमलं नाही मला. पेनाच्या कार्यात वेगळं ताट म्हणजे तू पाहुणा झाला, आणि काका तुला पाहुणा म्हणून नाही बोलावून राहिले. पण ते तुझं आणि काकांचं, मी मध्ये पडत नाही. बाबांना ने एवढं मात्र बँकवाल्या भाऊचं ऐक. माणूस गप्प बसला याचा अर्थ त्याच्या मनात नाही असा होत नाही, त्याची आई आहे ती.

आणि माघ पौर्णिमेला कचारगडला ये. गोंदियाच्या पुढं सालेकसाला गाडीतून उतरायचं, तिथून धनेगाव, मग चढण आहे. तीच गुहा, जिथून लिंगोनं कोंडलेल्यांना काढलं असं आमचे लोक मानतात. सात रंगाचे झेंडे, सगळीकडून आलेले सगे, मध्य प्रदेश छत्तीसगड तेलंगणा. गर्दी भयंकर असते, खालूनच पाणी भरून घे. कोणी तुला धर्म विचारणार नाही, कोणत्या देवाचा आहेस, किती देवे, ते विचारतील, तेवढं आधी काकांना विचारून ठेव.